डॉर्नोखचा मुक्काम

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, इन्व्हर्नेसपासून सुमारें ४५ मैलांवर डॉर्नोख म्हणून एक टुमदार गांव आहे. गोल्फचे शौकीन तेथें दूरदूरच्या देशांतून येतात. आम्ही नोकरीनिमित्त एडिंबरोस राहणारे. गोल्फची काठी आम्हीं कधीं हातीं धरिली नाहीं. गेल्या जूनमध्यें तेथें गेलों तें तंबू ठोकून चार दिवस समुद्राचा वारा खाण्यासाठीं. मंडळी पांच : आम्ही, सौ., दोन मुलें आणि सहा महिन्यांसाठीं आलेल्या ती. मातुःश्री. त्यांचें वय एक्याऐंशी. दोन वर्षांपासून विस्मरण जडलें आहे. "आईला तंबूंत निजवणार?" असें पुण्याहून दादांनीं दूरध्वनीवर विचारलें. परत गेल्यावर तिला एखाद्या संस्थेंत ठेवावें काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर आम्हीं अद्याप दिलेलें नव्हतें.

गांव आणि पुळण यांच्यामध्यें, गोल्फच्या मैदानाच्या शेजारींच तंबूंची जागा आहे. समुद्र व शेतें यांमधल्या वाळूच्या उंचसखल पट्टीस तिकडे लिंक्स म्हणतात. तिच्यांत पीक येत नाहीं. मेंढ्यांनीं कुरतडलेलें आंखूड गवत तेवढें असतें. अशा निरुपयोगी जमिनीवरच हा खेळ वाढला. डॉर्नोखला तो खेळला जात असल्याची नोंद १६१६ सालची आहे. येथील क्लब मात्र १८७७ चा. १८७२ सालीं या गांवीं एका गवंड्याच्या घरीं जन्मलेल्या डोनाल्ड रॉसनें पुढें अमेरिकेंत जाऊन सुमारें चारशें मैदानें आंखलीं. आमच्या चिरंजीवांस हें सर्व मुखोद्गत. आमचें लक्ष स्टोव्ह वाऱ्यानें विझूं नये इकडे.

जूनमध्यें तेथें सूर्य रात्रीं दहानंतर मावळतो आणि पहांटे चारच्या सुमारास उगवतो. जन्मभर सूर्योदयापूर्वीं उठलेल्या मातुःश्रींना उजाडलेलें पाहून उशीर झाल्यासारखें वाटलें असावें. आम्ही जागे झालों तों त्यांचें अंथरूण रिकामें! पुळणीवर धांवलों, तेथें कोणी नव्हतें. अखेर मैदानाच्या कडेनें त्या येतांना दिसल्या. हिरवळ राखणारा एक प्रौढ गृहस्थ टोपी काढून, त्यांच्या पावलाशीं पाऊल जुळवीत चालत होता. मातुःश्री त्याला मराठींत कांहीं सांगत होत्या आणि तो मान डोलवीत होता. २००३ च्या कायद्यान्वयें गोल्फचें मैदान ओलांडून जाण्याचा हक्क तेथें सर्वांस आहे. परंतु एवढी अदब कायद्यांत कोठून येणार?

दुपारीं गांवांतला चेटकिणीचा दगड पाहिला. जॅनेट हॉर्न नांवाच्या वृद्धेस चेटकाच्या आरोपावरून येथें जाळलें. ब्रिटनमध्यें या आरोपावरून दिलेली ती शेवटची देहांताची शिक्षा. दगडावर सन १७२२ कोरला आहे. इतिहासकार बहुधा १७२७ मानतात. तिच्या मुलीचे हातपाय वेडेवांकडे होते, तोच पुरावा! म्हातारीचें भान गेलेलें असावें. आपल्यासाठींच पेटविलेल्या जाळाशीं ती हात शेकत बसली, असें परंपरा सांगते. पुढें १७३५ सालीं पार्लमेंटानें चेटकाचा तो कायदाच रद्द केला.

मातुःश्री दगडाकडे बराच वेळ पाहत होत्या. सौ.नें त्यांना थोडक्यांत हकीकत सांगितली.

"हिला घरचें कोणी नव्हतें?"

"मुलगी होती, आई. ती तुरुंगांतून निसटली."

"बरें झालें. पोर तरी वांचली," असें म्हणून त्यांनीं दूध तापत ठेवलें आहे का, तें विचारलें.

सायंकाळीं आम्हीं दादांना दूरध्वनी केला. "संस्थेचें कांहीं ठरवूं नका. ऑक्टोबरांत तिला घेऊन आम्ही दोघें येतों. मग तुम्ही, वहिनी आणि आपण सारे मिळून घरांतली व्यवस्था लावूं." दादा क्षणभर कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "तिकडे वारा फार दिसतो. तिच्या अंगावर शाल आहे ना?"