एक रिंग म्हणजे पोचलो

लहानपणी आमच्याकडे फोन न उचलण्याची शिस्त होती! बाबा कामासाठी नाशिकहून पुण्याला गेले की पोचल्यावर एक रिंग द्यायचे. एक रिंग म्हणजे सुखरूप. लगेच पुन्हा वाजला तरच धावत जाऊन उचलायचा, म्हणजे काहीतरी बिनसलंय. पैसे शून्य, निरोप पोचला. (प्रोटोकॉल वगैरे शब्द मी फार नंतर शिकलो.)

बाबांच्या कॉलेजच्या काळात तर एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात उभं राहून, मीटरचे लाल आकडे पळताना बघत बोलायचं. आणि आजीच्या तरुणपणी 'तार आली' म्हटलं की आधी रडारड, मग वाचन. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलचा देशभर १ रुपया मिनिट दर आला, तेव्हा बाबा काकाशी चक्क दहा मिनिटं बोलले. तेही उभ्यानेच.

आता माझ्या प्लॅनमध्ये कॉल अमर्याद. दर रविवारी आजीला लावतो. ती अजूनही ओरडून, भराभर बोलते. जेवलास का, पाऊस आहे का, चल ठेवते, बिल येईल तुला.

"आजी, फुकट असतं गं आता."

मागच्या रविवारी ती क्षणभर थांबली. "फुकट आहे, तर मग रविवारीच का रे करतोस?"