जीवा

भूमितीच्या पुस्तकात वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला ‘जीवा’ म्हणतात. संस्कृतात जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस व त्याची टोके जोडणारी रेषा यांकडे पाहिले, की दोरी चढवलेले धनुष्य डोळ्यांसमोर उभे राहते आणि हे नाव किती यथार्थ आहे ते पटते. दोरीवाचून धनुष्य म्हणजे नुसती काठीच होय.

दोरी कशाची असावी, याचा विचार फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू अशा पदार्थांची त्यासाठी नोंद आहे. मूर्वेच्या तंतूंवरूनच प्रत्यंचेला ‘मौर्वी’ हे नाव मिळाले. पुढे धनुष्य बदलले. अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन याने कंपाउंड धनुष्य तयार केले व १९६९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. दोरी पुरती ओढली, की चाके फिरून हातावरचा भार पुष्कळ हलका होतो आणि नेम स्थिर धरता येतो. साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, ती याच धनुष्याने. या प्रकारात लक्ष्य पन्नास मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे.

आता दोरी कृत्रिम धाग्यांची असते. वीस-पंचवीस बारीक पदर एकत्र पिळून ती तयार करतात. जेथे बाणाची खाच बसते व जेथे दोरी चाकांवरून फिरते, तेथे दुसऱ्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले असतात. त्यांना ‘सर्व्हिंग’ म्हणतात. उघड्या पदरांना मधूनमधून मेण लावावे लागते. मेण बोटांच्या चिमटीत धरून दोरीवर घासले, की घर्षणाच्या उबेने ते पदरांत मुरते. त्यामुळे पदर एकमेकांवर घासून झिजत नाहीत, धूळ व पाणी आत शिरत नाही. वेढ्यांवर मात्र मेण चोपडू नये. दोरीवर बारीक लव उठू लागली, म्हणजे ती मेण मागते असे समजावे. वेढे सैल होऊन सरकले, तर ते उलगडून नव्याने घट्ट गुंडाळता येतात. पण पदरच तुटला, तर त्यावर उपाय एकच: दोरी बदलणे.

एका मैदानावर स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी एक मुलगा दोरीला मेण लावत बसला होता. बोटाला काही टोचल्यासारखे झाले. त्याने उजेडात धरून पाहिले, तो एक पदर तुटून वर आला होता. त्याने तो मेणाने दाबून बसवला. पण मन स्वस्थ होईना. अखेर तो गुरुजींकडे गेला.

“सर, चोवीस पदरांतला एकच तुटला आहे. उद्याचा दिवस निभावेल ना?”

गुरुजींनी दोरीवरून हळूच बोट फिरवले. “निभावेलही. पण तशी खात्री तू देऊ शकतोस का? मी तर देऊ शकत नाही. ओढलेली दोरी तुटली, तर साठलेला सारा जोर एका क्षणात सुटतो. धनुष्य फुटते, कधी माणसालाही इजा होते.”

“पण नवी दोरी एका रात्रीत बसणार नाही. माझा नेम चुकेल!”

“चुकेल,” गुरुजी शांतपणे म्हणाले.

कंपाउंड धनुष्य न ओढताही सदैव ताणलेले असते; म्हणून त्याची दोरी नुसत्या हातांनी काढू नये. गुरुजींनी दांडे दाबून धरणाऱ्या यंत्रात धनुष्य बसवले, ताण सैल केला आणि नवी दोरी चढवली. नवी दोरी आपल्या जागी बसेपर्यंत थोडी वाढते, थोडी फिरते. व्हायचे तेच झाले. दुसऱ्या दिवशी मुलाचे बाण मध्यबिंदूभोवती विखुरले आणि यादीत त्याचे नाव बरेच खाली गेले.

परतताना तो खिन्न होता. जुनी दोरी त्या दिवशी तुटली असती की नसती, हे कोणालाच कधी कळणार नव्हते. आपण टाळलेला अपघात डोळ्यांना दिसत नाही. हरलेली स्पर्धा मात्र दिसते. सावधपणाचे फळ असे अदृश्य असते, म्हणूनच सावध राहणे अवघड.

गुरुजींनी त्याची समजूत घातली नाही. ते एवढेच म्हणाले, “तो पदर तू मेणाखाली झाकून ठेवला असतास, तर मला कळलेही नसते.”

मुलगा काही बोलला नाही. त्या सायंकाळी मैदान रिकामे झाल्यावर तो धनुष्य मांडीवर घेऊन बसला आणि नव्या दोरीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवू लागला.