चोविसावा पोर्ट

खडकवासल्यात, धरणापासून फार दूर नसलेल्या एका वसतिगृहाच्या जिन्याखालच्या कपाटात एक नेटवर्क स्विच राहतो. करड्या पत्र्याचा देह, तोंडावर चोवीस पोर्ट. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपाटाच्या कडीला गंज चढतो. त्याचे हिरवे दिवे मात्र लुकलुकतच असतात.

त्याचा सारा स्वभाव एका गोष्टीत आहे. विचारणाऱ्याला तो येऊ देतो, उत्तर देणाऱ्याला अडवतो.

मुलाने लॅपटॉप जोडला की लॅपटॉप साऱ्या नेटवर्कला विचारतो, मला आयपी पत्ता कोण देईल? हा डीएचसीपीचा रिवाज. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेले त्याचे नियम मार्च 1997चे, आणि ही पद्धत बरीच असुरक्षित आहे हे त्या नियमांतच कबूल केलेले आहे. कारण जो उत्तर देईल, तो खरा. कुणी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या जॅकला जोडला, की तोही पत्ते वाटू लागतो, आणि जवळ असल्याने पुष्कळदा आधी पोहोचतो. मग खोल्याखोल्यांतून एकच तक्रार: "सर, कनेक्टेड दाखवतंय, पण नेट नाही." त्या मुलाच्या मनात वाईट काही नसते. पण हेच कुणी मुद्दाम केले, तर अख्ख्या मजल्याची रहदारी त्याच्या हातून जाईल.

म्हणून स्विचला सांगून ठेवले आहे, भरवसा फक्त चोविसाव्या पोर्टावर. खऱ्या सर्व्हरकडची केबल तिथे येते. उरलेल्या तेवीसपैकी कुठूनही पत्त्याची ऑफर आली, की तो ती तिथेच टाकून देतो. विचारणाऱ्यालाही अडवतो, पण क्वचित: एका पोर्टावरून सेकंदाला शेकडो मागण्या येऊ लागल्या, कुणी सगळे पत्ते संपवायला निघाले, तर तो पोर्टच बंद करतो.

मला तो आवडतो त्याच्या वहीमुळे. कोणता पोर्ट, यंत्राचा कोणता मॅक, कोणता आयपी, लीज म्हणजे पत्त्याची मुदत कधी संपणार, सारे टिपलेले. पुढे कुणी दुसऱ्याचा आयपी लावला, किंवा एआरपीतून 'गेटवे मीच' अशी बतावणी केली, तर पडताळा याच वहीवरून होतो. हाताने पत्ता दिलेल्या प्रिंटरची नोंद मात्र माणसानेच करायची. ती राहिली, तर बिचारा प्रिंटर चोर ठरतो.

आणि ही वही मुळात चालू मेमरीत असते. जुलैत वीज जाऊन आली, की कोरी. थेट जोडलेले लॅपटॉप पुन्हा पत्ता विचारतात आणि निभावून जातात. पण यूपीएसवरच्या मधल्या स्विचमागे जे बसलेले असतात, त्यांना काही घडल्याचे कळतच नाही. ते जुन्याच पत्त्यावर बोलत राहतात, आणि हा त्यांना ओळखत नाही. वही फ्लॅशमध्ये किंवा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून ठेवायची कमांड एका ओळीची आहे. ती न देता स्विच बसवून निघून जाणे मला अक्षम्य वाटते. घड्याळही एनटीपीने जुळवून द्यावे, कारण लीजचा सगळा हिशेब वेळेवर चालतो.