उपनगरातील मोहिमा

अमेरिकेतील मोठ्या एसयूव्ही गाड्यांची नावे एकाखाली एक लिहिली, तर ती मोटारींची यादी वाटत नाही. जुन्या प्रवासवर्णनाची अनुक्रमणिका वाटते. एक्सप्लोरर, एक्स्पिडिशन, एक्स्कर्शन, नॅव्हिगेटर. युकॉन ही सोन्याच्या शोधात निघालेल्यांची नदी, टाहो हे डोंगरांतले सरोवर. एस्कलेड म्हणजे तटाला शिड्या लावून किल्ल्यात शिरणे. मराठी वाचकास येथे गडकोट आठवल्यावाचून राहणार नाहीत. या साऱ्यांत प्रामाणिक नाव एकच, आणि ते १९३५ मधले आहे : सबर्बन. उपनगरी. गाडी खरोखर जेथे फिरते, तेथले.

ही गाडी लोकांनी वाहन म्हणून घेतली त्याहून अधिक वाङ्मय म्हणून घेतली, असे आम्हांस वाटत आले आहे. अर्थात वाङ्मय फोफावण्यास राजाश्रयही लागतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ मध्ये, तेथे इंधनबचतीचा कायदा झाला; त्यात मोटारींना कडक निकष आणि हलक्या ट्रकांना सैल. एसयूव्ही कागदोपत्री ट्रक ठरली. वाङ्मयप्रकाराचे वर्गीकरण हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

२००८ च्या उन्हाळ्यात आम्ही मिशिगनमध्ये होतो. जूनमध्ये पेट्रोलने गॅलनला ४ डॉलरची सरासरी ओलांडली. जुलैत कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरच्या वर गेले. आमच्या परिचयातील एका नागपूरकर कुटुंबाकडे टाहो होती. २६ गॅलनची टाकी. ती पुरती भरायची तर शंभराच्या वर डॉलर. कार्ड घातले की पंप ७५ डॉलरला आपोआप थांबे, मग पुन्हा कार्ड. वहिनी म्हणाल्या, “अहो, मुलांना पोहायच्या वर्गाला सोडायला मोहीम कशाला हवी?” गाडी विकायला काढली, तर विक्रेता ती बदल्यात घेईना. त्याच्या अंगणात तसल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, काचांवर सवलतीचे आकडे रंगवलेले. जेथे तेथे शिखरांची आणि नद्यांची नावे, आणि गिऱ्हाईक कोठेही नाही.

त्याच ३ जूनला जनरल मोटर्सने ट्रक आणि एसयूव्हींचे चार कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल होते. १९१९ पासून चालत आलेला, टाहो, सबर्बन आणि युकॉन बनवणारा कारखाना. तेथील शेवटची टाहो २३ डिसेंबर २००८ रोजी बाहेर पडली. नाताळाला दोन दिवस होते. आणि त्या दिवशी पेट्रोल गॅलनला २ डॉलरच्याही खाली होते! एव्हाना पतपुरवठाच कोसळलेला असल्याने ती स्वस्ताई कोणाच्या उपयोगी पडली नाही. ज्यांनी या गाड्यांचे सुटे भाग उभ्या आयुष्यभर जोडले, त्यांनी ना सोने शोधले होते, ना तट चढला होता. भाववाढीचा कडेलोट मात्र त्यांच्या वाट्यास आला. आम्हांस या साऱ्या प्रकरणात खुपते ते हेच. गिऱ्हाइकाचे स्वप्न काही महिने महाग झाले होते, इतकेच. कारखाना पुन्हा सुरू झाला नाही.

स्वप्न परतले. निराळ्या देहाने परतले. २०११ च्या एक्सप्लोररला ट्रकचा सांगाडा उरला नव्हता. आत मोटारीची बांधणी, वर तेच नाव. अशा ‘क्रॉसओव्हर’ गाड्यांनी बाजार भरून टाकला आणि २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत आपल्या बहुतेक साध्या मोटारीच बंद करण्याचे ठरवले. नावांचे आयुष्य चमत्कारिक असते. डेनाली पर्वताचे सरकारी नाव २०१५ मध्ये मॅकिन्लेचे डेनाली झाले, २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ले झाले. युकॉनच्या पाठीवरचे ‘डेनाली’ हलले नाही.

हमरचे तर विचारूच नये. २००८ च्या भाववाढीने तिची अब्रू गेली, २०१० मध्ये चिनी कंपनीला विकण्याचा सौदा फिसकटला आणि ती मोडीत निघाली. दहाएक वर्षांनी ती परत आली. आता ती विजेवर चालते, आणि तिचे वजन चार टनांहून अधिक आहे.