मानधन नको, नेमणूकपत्र हवे

2021 मध्ये माझी नोकरी गेली. एका सामाजिक संस्थेत सहा वर्षे काम केले. निधी संपला, फोन आला, "उद्यापासून येऊ नका." बस, एवढेच.

राज्य कामगार विम्यात बेकारांसाठी मदत आहे, हे मला ठाऊक होते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत मिळत होती. पण त्यासाठी पगारातून विम्याचा हप्ता कापलेला हवा. मला पगार नव्हताच, 'मानधन' होते. नावात मान, हातात हक्क शून्य! इतरांना हक्क शिकवणारी मी सहा वर्षे त्याच कागदावर सही करत राहिले.

मग आसगावात रोजगार हमीचे काम लेखी मागितले. आई म्हणाली, "एम. ए. शिकून मातीकामाले जातेस का?" पण प्रश्न मातीचा नव्हता. 2005 च्या कायद्यात मागणीपासून 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकार भत्ता होता. पण तारखेची पोचच नसेल, तर दिवस मोजायचे कुठून? आपल्या बाया तोंडी काम मागून घरी परततात. मी पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अर्ज लिहायला बसले.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगाराचा हक्क मालकाच्या मर्जीवर नव्हे, कायद्यावर उभा राहावा, यासाठी ते झटले. तरुणांनो, संस्था आपल्याच माणसांची असली तरी पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागा. त्यात चळवळीशी गद्दारी नाही.

जयभीम!