पार्ल्याहून मैदानांच्या वाटेवर

प्रवासाची हौस अनेक प्रकारची असते. कोणी गडकोट पाहतो, कोणी जुनी शहरे. इंग्लंडमध्ये काही मंडळी केवळ फुटबॉलची मैदाने पाहत हिंडतात. तेथील लीगमधील सर्व ९२ संघांच्या मैदानांवर प्रत्यक्ष सामना पाहिलेल्यांसाठी १९७८ मध्ये एक मंडळही स्थापन झाले. पुष्कळांचे तेवढ्याने समाधान होत नाही. १८७१ साली सुरू झालेल्या एफ. ए. कपाच्या प्राथमिक फेऱ्या लीगबाहेरचे संघ गावोगावच्या लहान मैदानांवर खेळतात. तेही सामने ही मंडळी आवर्जून पाहतात. तिकीट काढून आलेले थोडे प्रेक्षक हाच अशा संघांचा मोठा आधार असतो.

मुंबईत अशी भ्रमंती करावयाची तर आरंभासाठी विलेपार्ले सोयीचे. उत्तरेला एक स्टेशन गेले की अंधेरी. तेथून मेट्रोने आझाद नगर, आणि पुढे वीरा देसाई मार्गावर महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल. १ जून २०१८ रोजी तेथे भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, परंतु पाहावयास जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना हात जोडून विनविले, की टीका करा, दोष दाखवा, पण मैदानावर या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या दिवशी सर्व तिकिटे संपली होती. भारत ३-० ने जिंकला, आणि त्यांतील दोन गोल छेत्रीचे होते.

पार्ल्याहून दक्षिणेला निघाले की सांताक्रूझ, खार आणि मग वांद्रे. रेक्लमेशनच्या बाजूस नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचे मैदान आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले, तेव्हा मुंबईच्या या खेळाडूने तीन गोल केले होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारे ते पहिले आशियाई. एवढ्या मोठ्या नावाच्या या मैदानावर मुंबईच्या स्थानिक स्पर्धांचे सामने होतात.

तीच गाडी पुढे चर्चगेटला पोहोचते. ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेले की कूपरेज लागते. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपाचे नाव याच मैदानाशी जोडले गेले. प्रारंभी या स्पर्धेवर गोऱ्या पलटणींचा वरचष्मा होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला. १९५६ च्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते.

त्या काळी मुंबईच्या फुटबॉलला पेढ्या आणि कचेऱ्यांचा टेकू होता. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ होते. रेल्वे आणि बँकाही खेळाडूंना नोकऱ्या देत. खेळाडूला महिन्याचा पगार मिळे आणि संस्थेला नाव. मग गिरण्या मंदावल्या, खर्चाचे हिशेब बदलले. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेडही २०१० मध्ये विसर्जित झाला.

दुकान मालाने उभे राहते, पण टिकते गिऱ्हाइकावर, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. खेळाचेही तसेच आहे. आश्रयदाता वर्षाअखेरीस हात आखडता घेऊ शकतो. रविवारी सहकुटुंब येऊन बसणाऱ्या प्रेक्षकाची सवय सहसा मोडत नाही. रोव्हर्स कपाच्या शंभराहून अधिक वर्षांची पुण्याई एकदा ओसरली ती परत आली नाही. स्थानिक सामने मात्र अजून होत आहेत, आणि पार्ल्याहून ही तिन्ही मैदाने लोकलच्या एकाच मार्गावर आहेत. इंग्लंडचा हौशी प्रवासी अनोळखी गावच्या संघासाठी आगगाडीत बसतो. घराजवळच्या मैदानावर मुलांना घेऊन दीड-दोन तास बसण्यास तेवढेही कष्ट नाहीत.