प्रार्थनेची भाषा

आधुनिक ज्यू धर्मातील रिफॉर्म, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि ऑर्थोडॉक्स ही नावे आपण 'सुधारक', 'मध्यममार्गी' आणि 'सनातनी' अशी सोयीने लावून मोकळे होतो. मीही वर्गात कित्येक वर्षे तसेच सांगत आलो. वडिलांच्या मृत्यूनंतर मात्र या सोयीच्या मांडणीवरचा माझा विश्वास उडाला.

या इतिहासाची सुरुवात जर्मनीत होते. नागरी हक्कांची दारे किलकिली होऊ लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला की ज्यू माणसाने जर्मन समाजात वावरताना आपल्या प्रार्थनेचे काय करायचे? 1818 मध्ये हॅम्बुर्गच्या नव्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजला, प्रवचन जर्मनमधून झाले, काही प्रार्थनाही जर्मनमध्ये आल्या. पुढे अब्राहम गायगरने या सुधारणेला इतिहासाभ्यासाची बैठक दिली. विरोधकांपैकी सॅमसन राफाएल हिर्श धर्मनियमांतला एकही सोडायला तयार नव्हता. पण आपली बाजू त्याने मांडली ती उत्तम जर्मन गद्यात. सनातनी म्हणवणारा पक्षसुद्धा असा आधुनिकतेच्याच पोटी जन्मला, हे आपल्या लक्षात राहत नाही.

मला खिळवून ठेवतो तो 1845 चा प्रसंग. फ्रांकफुर्टला राबींची परिषद भरली होती. प्रार्थनेत हिब्रू अनिवार्य आहे काय, या प्रश्नावर अल्प बहुमताने 'नाही' असे ठरले आणि ड्रेस्डेनचा राबी झकारियास फ्रांकेल परिषद सोडून निघून गेला. फ्रांकेलला सुधारणेचे वावडे नव्हते. थोडी जर्मन त्यालाही चालत होती. पण हिब्रू ही केवळ अर्थ वाहून नेणारी भाषा नाही, विखुरलेल्या समाजाला बांधणारे ते सूत्र आहे, असे त्याला वाटे. 1854 पासून ब्रेस्लाऊच्या राबी घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेतून त्याने जी परंपरा घडवली तिच्यातून पुढे अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाला वळण मिळाले. तिथेच मॉर्डेकाय कॅप्लनने धर्माला 'संस्कृती' मानून चौथी, रिकन्स्ट्रक्शनिस्ट वाट काढली. पण तो स्वतंत्र विषय आहे.

वडील गेले तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने करू या, अर्थ मराठीतून सांगतात." एकनाथांनी प्राकृताची बाजू कशी लढवली हे दरवर्षी तळमळीने शिकवणाऱ्या मी तत्काळ नकार दिला. आजोबांसाठी वडिलांनी जे शब्द उच्चारले तेच मला हवे होते, न कळले तरी. विधी आटोपल्यावर तिने विचारले, "बाबांना आपण नेमकं काय म्हटलं, तेवढं तरी सांग." मला सांगता आले नाही. फ्रांकेलला हिब्रू येत होती. मला माझ्या मंत्रांचे संस्कृत येत नव्हते. त्याचा हट्ट आणि माझा हट्ट यांत हा फरक होता आणि तो क्षुल्लक नाही.

फ्रांकफुर्टच्या त्या परिषदेनंतर वर्षभरातच, 1846 मध्ये, मुंबईत वल्हांडणाच्या सणाची हग्गादा हिब्रूसोबत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या हग्गादेत तर नऊवारी नेसलेल्या बेने इस्राएली स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्यासाठी इथे कुणाला वेगळा पंथ काढावा लागला नाही. उदारमतवादी शाखा मुंबईत आली ती पुढे, 1925 मध्ये, लंडनला शिकून आलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने. जर्मनीत ज्या प्रश्नावर परिषद दुभंगली, तो कोकणातून आलेल्या या कुटुंबांनी बहुधा प्रश्न म्हणून पाहिलाच नसावा. सणाच्या रात्री कथा मुलांना सांगायची असते. ती मुलांना कळली तर पाहिजे!

येत्या वर्षश्राद्धासाठी गुरुजींकडून मंत्र आधीच मागून घेतले आहेत. वर संस्कृत, खाली मराठी अशी वही करतो आहे. खालच्या ओळी बहिणीने वाचायच्या आहेत. तिला अजून विचारलेले नाही.